गुलाबतोडणीतला खालाचा फोटो

मी जात्याच घाबरट बाई. घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघते, आणि लिफ्टमधून खाली उतरल्यावर चौथ्यांदा बघायला वर जाते. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपायला सहा महिने असतात तेव्हापासून माझी झोप उडते. नवरा म्हणतो, "तुला काळजी करायला कारण लागत नाही, फक्त सवड लागते." सौदीतल्या ताइफच्या एका हॉस्पिटलात डायलिसिसच्या बायकांच्या विभागात मी इतकी वर्षं सिस्टर आहे. रोज आठ-दहा बायकांच्या हातांत जाडजाड सुया टोचते. तेवढ्या एका कामात मात्र माझा हात कधी थरथरत नाही. म्हणजे त्या मंगळवारपर्यंत थरथरला नव्हता.

त्या मंगळवारचं कारण म्हणजे मी काढलेला एक फोटो. माझ्या हातून निघालेला आजवरचा सगळ्यात चांगला फोटो, आणि तो आता माझ्याकडे नाही.

खाला म्हणजे मावशी. आमच्या विभागात सगळ्या वयस्कर पेशंटना आम्ही खालाच म्हणतो, पण ही एक अशी होती की नुसतं खाला म्हटलं की सगळ्यांना कळायचं कोण. सत्तरीची, अंगाने काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. रविवार, मंगळवार, गुरुवार सकाळी मुलगा तिला डोंगरावरून, अल शफाच्या बाजूने, गाडीने घेऊन यायचा आणि चार तास बाहेर कॉरिडॉरमध्ये बसून राहायचा. त्यांची वर गुलाबाची शेती. ती आत आली की आधी सगळ्या नर्सेसकडे एक नजर टाकायची आणि माझ्याकडे बोट दाखवायची. सुई हिनेच टोचायची. दुसरी कोणी पुढे आली तर हात अबायाखाली घालून बसायची.

आमच्या विभागात एक रीत आहे. पडदे ओढलेले असले, आत सगळ्या बायकाच असल्या, की पेशंट बायका चेहऱ्यावरचा नकाब वर टाकून मोकळ्या बसतात. पुरुष डॉक्टर किंवा मशीन दुरुस्त करणारा टेक्निशियन यायचा असला की दारातली सिस्टर आधी ओरडून सांगते. त्याबरोबर एका ओळीत सगळ्या खाटांवरचे नकाब खाली येतात, बाजारात एकामागोमाग एक शटरं पडावीत तसे. डॉक्टर गेला की पुन्हा वर. नवी होते तेव्हा मला याची गंमत वाटायची. नंतर ती माझ्या कामाचीच गोष्ट झाली. कारण सुई टोचताना मी हाताकडे बघते तितकीच पेशंटच्या तोंडाकडे बघते. "दुखतंय का?" विचारलं तर इथल्या म्हाताऱ्या बायका एकच उत्तर देतात, अल्हमदुलिल्लाह, देवाची कृपा. खरं काय ते चेहऱ्यावरून कळतं. खालाला दुखलं की तिचा खालचा ओठ डावीकडे ओढला जायचा. तेवढं दिसलं की मी सुईचा कोन बदलायचे.

फोटो काढायचा नाद मला इथे आल्यावर लागला. सुट्टीच्या दिवशी नवरा गाडी काढतो, मी कॅमेरा काढते, आणि दहावीतली आमची लेक मागच्या सीटवर मोबाइल काढते. डोंगर, ढग, रस्त्याकडेची माकडं असले निरुपद्रवी फोटो. माणसांचे नाही. इथे विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नये आणि काढलाच तर कुठे टाकू नये, हे पहिल्या आठवड्यात सांगतात, आणि माझ्यासारखीला एकदा सांगितलं तरी जन्मभर पुरतं. मशीनला लावलेले चार तास जाता जात नाहीत म्हणून मी खालाला मोबाइलवर ते ढग आणि माकडं दाखवायचे. माकडं बघून ती म्हणायची, "ही आमच्याच गावची. यांना काय बघतेस? वर्दच्या दिवसांत ये."

वर्द म्हणजे गुलाब. थंडी सरली की महिना-दीड महिना तोडणी चालते. यंदा तिने पिच्छाच पुरवला. "शुक्रवारी ये. तुझा मोठा कॅमेरा आण. माझा फोटो काढ. माझा एकही फोटो नाहीये, माहितीये? इकाम्यासारखं कार्ड आहे आमचं, त्यावरचा तेवढा. त्यात मी चोरासारखी दिसते."

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पेशंटच्या घरी जायला चालतं का तुमच्याकडे?" झालं, तीन दिवस मी त्याच काळजीत. शेवटी आमच्या इन्चार्जला विचारलं. ती इथलीच. ती म्हणाली, जा की, मलाही थोडी फुलं आण.

शुक्रवारी अंधार असतानाच निघालो. लेक झोपली होती. डोंगरावर गार वारा होता आणि धुकं इतकं की नवरा पहिल्या गिअरवर गाडी चालवत होता आणि मी उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होते. दाराशी खालाचा मुलगा उभा होता. त्याने नवऱ्याला पुरुषांच्या बैठकीत कॉफीला नेलं आणि मला भिंतीतलं एक लहान दार दाखवून स्वतः तोंड फिरवून उभा राहिला.

दारापलीकडे घरामागचा मळा. दगडी बांध घालून केलेले चार-पाच टप्पे, कमरेपर्यंतची झुडपं, आणि त्यावर पाकळ्यांची दाटी असलेले फिकट गुलाबी गुलाब. बाहेरच्या मोठ्या शेतात गडीमाणसं तोडतात, पण भिंतीच्या आतला हा मळा घरच्या बायकांचा. खाला, तिची सून आणि दोन नाती. सगळ्यांनी पोटाशी फडकं बांधून त्याची झोळी केलेली. उन्हं चढायच्या आत तोडायचं, नाहीतर वास उडून जातो, आणि मग तेल काढणाऱ्याकडे नेऊन उपयोग नाही. कोणी बोलत नव्हतं. फुलाच्या बुडाशी दोन बोटं, एक पीळ, की फूल झोळीत. तट, तट, तट, एवढाच आवाज.

मी आधी नुसती फुलांचे फोटो काढत राहिले. हातांचे काढले. दवाने ओल्या झालेल्या बाह्यांचे काढले. नाती हळूच हात पुढे करायच्या आणि तोंड मागे न्यायच्या. त्यांनी आधीच सांगितलं होतं, आमचे नको. खाला मात्र दर दोन मिनिटांनी विचारायची, "माझा कधी?"

ऊन पहिल्या टप्प्यावर आलं तेव्हा ती एका उलट्या क्रेटवर बसली. सकाळी डायलिसिस नसलेला दिवस, त्यामुळे चेहऱ्यावर जरा रंग होता. डोक्यावरचं फडकं तिने स्वतःच सोडलं. मेंदीने लाल झालेल्या दोन बारीक वेण्या पुढे घेतल्या. झोळी मांडीवर मोकळी केली. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि काय बोलावं न सुचून म्हणाले, "खाला, चोरासारखं बघू नका हं." ती हसली. पुढचे तीन दात नसलेलं, अख्खं तोंड उघडून हसली, आणि मी बटण दाबलं.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर मी तिला तो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "ही माझी आई आहे." सुनेने बघितलं, नातींनी बघितलं. मग खालाने माझं मनगट धरलं, सुई टोचताना मी तिचं धरते तसंच.

"या बिन्ती, माझ्या पोरी, हा मला कागदावर करून दे. माझ्या खोलीत आतल्या भिंतीला लावेन. आणि मग यातून पुसून टाक. कोणी पुरुष बघता कामा नये. तुझा नवराही नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले, आणि सवयीने गळ्याची कातडी चिमटीत धरली. गळ्याशपथ. तिला वाटलं माझा घसा धरलाय. तिने सुनेला माझ्यासाठी गुलाबपाणी घातलेला चहा आणायला पाठवलं. मग मी तिला समजावलं, आमच्याकडे अशी शपथ घेतात, खोटं बोललं तर गळा जातो. तिला ते फार आवडलं. तिनेही आपला गळा धरून बघितला आणि म्हणाली, "मग मीही देते. यंदाच्या गुलाबपाण्यातली पहिली बाटली तुला." निघताना तिने दोन ओंजळी फुलं मला देऊ केली. मी ओढणीचा पदर पुढे केला आणि ओटी घ्यावी तशी घेतली.

आता पुढचं जे झालं ते माझ्या अतिकाळजीमुळेच झालं. फोटो कागदावर करायचा म्हणजे स्टुडिओत द्यायचा. स्टुडिओत पुरुष बसतात. म्हणजे स्टुडिओ बाद. घरी लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला प्रिंटर होता, पण तो मोबाइलवरूनच चालतो. म्हणून शनिवारी दुपारी नवरा झोपल्यावर मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, कॅमेऱ्यातून तो फोटो मोबाइलवर घेतला आणि चार कागद वाया घालवून पाचव्यावर नीट छापला. नवऱ्यालाही दाखवला नाही. मी माझ्यावर इतकी खूश होते की दोन चपात्या जास्तच लाटल्या.

विसरले ते एवढंच, की माझ्या मोबाइलवर येणारा प्रत्येक फोटो आपोआप साताऱ्याला जातो. सासू-सासऱ्यांना रोज फोटो पाठवायचा मला कंटाळा, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच लेकीला सांगून तशी सोय करून घेतली होती. त्यांच्या दिवाणखान्यातल्या टीव्हीवर आमचे फोटो एकामागोमाग सरकत राहतात. येणारा-जाणारा बघतो, सासूबाई चहा देता देता माहिती देतात.

संध्याकाळी नेहमीचा व्हिडिओ कॉल झाला. सासूबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, ती फुलं घेऊन बसलेली आजी कोण? काय गोड हसते गं बाई!"

इथे मला खरं ते लिहायला हवं. त्या क्षणी मला कळलं होतं. "आई, तो फोटो आधी काढून टाका," असं म्हणायचं होतं मला. पण त्या पुढे म्हणाल्या, "तू काढलायस? अगदी कॅलेंडरवरच्यासारखा आलाय." अठरा वर्षांत सासूबाईंनी माझ्या कशाला कॅलेंडरची उपमा दिली नव्हती. मी म्हणाले, "माझी पेशंट आहे," आणि उजेड कुठून येत होता ते त्यांना समजावून सांगत बसले. मागे सासरे सोफ्यावर बसून टीव्हीकडे बघत होते, तेही मला दिसत होतं. मनाला सांगितलं, लांब आहेत, घरचे आहेत, उद्या काढू.

रविवारी खाला आली. पडदा ओढून मी तिला कागद दिला. तिने तो ओठांना लावला, मग अबायाच्या आत, झग्याच्या खिशात सरकवला, सफाईवालीलाही दिसू नये म्हणून. मग विचारलं, "पुसलास?"

"हो," मी म्हणाले. रात्री पुसणारच होते, म्हणून ते खोटं मला फारसं मोठं वाटलं नाही. सुया दोन्ही अगदी नीट बसल्या. ओठ हललासुद्धा नाही. रात्री लेकीच्या परीक्षेचा अभ्यास, नवऱ्याचा इस्त्रीचा ढीग, पुसायचं राहून गेलं.

सोमवारी सकाळी चहाच्या सुट्टीत मोबाइल बघितला. बालरोग विभागात कोकणातली एक सिस्टर आहे, मला ताई म्हणते. तिचा मेसेज होता. "बघ गो ताई, किती गोड आजी! आमच्या माहेरच्या ग्रुपवर आली." खाली फोटो. खाला क्रेटवर बसलेली, तोंड भरून हसणारी. तिच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत 'शुभ सकाळ'. पायाशी वाफाळत्या चहाचा कप आणि जोडलेले दोन हात. बाजूला, 'हसत राहा, फुलत राहा. आनंदी सोमवार!'

मी पॅन्ट्रीतल्या पाण्याच्या बाटल्यांवर बसले. सासूबाई रोज सकाळी सहाला उठून एका फोटोवर शुभ सकाळ लिहून पाठवतात हे मला माहीत होतं. रोज मलाही येतो. मी कधीच उघडत नाही. त्या दिवशीचाही उघडला नव्हता. साताऱ्याहून निघून तो फोटो कोणाकोणाच्या भावकीतून, भजनी मंडळातून, सोसायटीच्या ग्रुपमधून फिरत फिरत चार तासांत परत माझ्याच हॉस्पिटलात, दोन मजले वर येऊन पोचला होता.

मी जिन्यात जाऊन सासूबाईंना फोन लावला. त्या आनंदात होत्या. "अगं, इतके अंगठे कधीच आले नव्हते. तुझे मामेसासरे विचारत होते, ही सूनबाईंची कोण?"

"आई, किती जणांना पाठवलात?"

"नेहमीच्याच. का गं?"

मी कसंबसं सांगितलं. वचन दिलं होतं. इथे असं चालत नाही. माझी नोकरी जाईल. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "थांब, मी बघते," म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांनी जे बघितलं ते असं: सगळ्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं, 'सकाळचा आजीबाईंचा फोटो सर्वांनी ताबडतोब डिलीट करावा. सून सौदीत अडचणीत आहे. कृपया पुढे पाठवा.'

लोकांनी पुढे पाठवलं. ज्यांनी फोटो बघितला नव्हता त्यांनी मुद्दाम शोधून बघितला. दुपारपर्यंत मला सात फोन आले. एका चुलतनणदेने विचारलं, "वहिनी, तुम्हाला धरलंय का? आत फोन चालतो का?" माझ्या बहिणीने तिच्या ओळखीच्या वकिलाचा नंबर पाठवला. मी पेशंटचं ब्लडप्रेशर मोजत होते आणि माझ्या खिशात मोबाइल सारखा थरथरत होता.

त्या दिवशी मी फोटो पुसला. कॅमेऱ्यातून, मोबाइलमधून, त्या अल्बममधून, टीव्हीवरून. लेक शांतपणे करत होती. "आई, इट्स गॉन. पण जो फॉरवर्ड झाला तो आपल्या हातात नाही ना." मी तिच्यावर खेकसले. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि इंजिनियरसारखा हिशेब मांडला. "ओळखणार कोण? तिचा उघडा चेहरा तिच्या घराबाहेर तुमच्या विभागातल्या बायका सोडून कोणी बघितलाय? तुझ्या त्या कोकणवाल्या सिस्टरने कितीदा तिला आत येताना बघितलं असेल, तिला तरी कळलं का? दोन दिवसांत लोक विसरतील. गप्प बस."

"आणि तिच्या मुलाच्या मोबाइलवर आला तर?"

"मराठी ग्रुपवर आहे का तो?"

"तुम्ही वकील का नाही झालात?" मी म्हणाले. पण तो चुकीचं बोलत नव्हता. तक्रार झाली तर नोकरी, इकामा, फायनल एक्झिट म्हणजे कायमची परतपाठवणी, आणि लेकीची दहावी अर्ध्यावर. गप्प बसलं तर काही नाही. मी ठरवलं, गप्प बसायचं.

मंगळवारी सकाळी विभागात शिरताना खालाचा मुलगा कॉरिडॉरमध्ये मोबाइल बघत बसला होता. तो स्वतःशीच हसला. जवळून जाताना तिरका डोळा करून बघितलं, तर फुटबॉल होता. त्याने नेहमीप्रमाणे मान खाली घालून सलाम केला.

खाला खुशीत होती. फोटो भिंतीला लागला होता. शेजारच्या चार बायका येऊन बघून गेल्या होत्या. "सगळ्या म्हणतात, तुझ्या हिंदी मुलीचा हात चांगला आहे." तिने नकाब वर टाकला, हात पुढे केला, आणि माझ्याकडे बघून हसली. तेच हसू. मला तिच्या डोक्यावर पिवळी अक्षरं दिसायला लागली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघूच शकले नाही. नजर हातावर ठेवली, सुई आत घातली, आणि तिचा ओठ ओढला गेला तो मला दिसला नाही. सुई शिरेच्या पार गेली. बघता बघता हात फुगून वर आला. मी सुई काढली, दाबून धरलं, बर्फ मागवला. माझी बोटं थरथरत होती. इन्चार्ज धावत आली, दुसरी जागा शोधून तिने सुई बसवली. खालाने एवढंच विचारलं, "तुला ताप आहे का?" आणि तिचा मोकळा हात माझ्या कपाळावर ठेवला.

बुधवारी मला सुट्टी होती. मी दिवसभर घर पुसत बसले. जेवताना नवऱ्याला म्हणाले, "मी सांगणार आहे तिला." त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "लेकीची परीक्षा तेवढी होऊ दे." मी म्हणाले, उद्या पुन्हा तोच हात माझ्या हातात येणार आहे. त्याला ते कळलं असावं. त्याने ताट उचललं आणि विसळायला गेला.

गुरुवारी खालाचा हात कोपरापर्यंत निळाजांभळा होता. तरी तिने माझ्याकडेच बोट दाखवलं. या वेळी मी आधी सुया नीट बसवल्या. मशीन सुरू झालं. पडदा ओढला आणि तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले. माझं अरबी कामापुरतं. पाणी प्या, मूठ वळा, खलास. माफी मागायचे शब्द मी आदल्या दिवशी मोबाइलवरून पाठ केले होते, ते ऐन वेळी आठवले नाहीत.

"खाला, तुमचा फोटो बाहेर गेला."

"कुठे?"

"माझ्या सासूने बघितला. तिने लोकांना पाठवला. माझ्या देशात. खूप लोकांना."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बायकांना?"

"पुरुषांनाही."

मशीनचा आवाज चालू होता. पलीकडच्या खाटेवर कोणीतरी घोरत होतं.

"तू म्हणालीस, पुसला."

"हो. म्हणाले. तेव्हा पुसला नव्हता." माझा हात गळ्याकडे गेला आणि मी तो खाली घेतला.

मला वाटलं ती ओरडेल. मुलाला हाक मारेल. तीन दिवस मी त्याचीच तयारी केली होती. तिने फक्त विचारलं, "तुझी सासू काय म्हणाली?"

"म्हणाली, किती गोड हसते."

खालाने मान वळवून छताकडे बघितलं. थोड्या वेळाने मोकळा हात वर नेला आणि कपाळावर टाकलेला नकाब हळूच खाली ओढला. कोण डॉक्टर आला म्हणून मी चटकन मागे वळले. मागे कोणीच नव्हतं. पडदा तसाच बंद होता. आत मी एकटीच होते.

तिने तक्रार केली नाही. मी पुढचे कित्येक आठवडे ऑफिसातून बोलावणं येईल म्हणून वाट बघत होते. दारात शिपाई दिसला तरी मी पडद्याआड जायचे. बोलावणं आलंच नाही. सासूबाईंनी शुभ सकाळ पाठवणं बंद केलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची दया आली. लेकीची परीक्षा झाली. इकामा वेळेवर रिन्यू झाला. नवरा म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं?"

तोडणी संपल्यावर एका रविवारी खालाने पिशवीतून कागदात गुंडाळलेली बाटली काढून माझ्या ट्रॉलीवर ठेवली. यंदाच्या पाण्यातली पहिली. मी काही बोलायच्या आत तिने हात पुढे केला. ती बाटली मी अजून उघडलेली नाही.

खाला अजूनही येते. अजूनही आत आल्यावर माझ्याकडेच बोट दाखवते, दुसरीला हात लावू देत नाही. पडदा ओढला की बाकीच्या खाटांवरचे नकाब वर जातात. तिचा जात नाही. मी मनगट धरते, शीर चाचपते, सुई टेकवते आणि विचारते, "खाला, दुखतंय का?"

"अल्हमदुलिल्लाह," ती म्हणते.

पूर्वी मला हे विचारावं लागत नसे. आता दर वेळी विचारते, आणि दर वेळी ती तेवढंच सांगते.